सवलतीपुरता काडीमोड

विम्याचा नवा दर कळला तेव्हा दुकानात आमदारसाहेबांचाच बॅनर छापून निघत होता. मशीनमधून आधी त्यांचे केस बाहेर आले, मग कपाळ, मग डोळे. आणि वहिनी त्या डोळ्यांकडे बघत फोनवर एजंटचं बोलणं ऐकत होती.

"म्हणजे सवलत कमी झाली?" तिनं विचारलं.

"कमी नाही हो, बंद. तुमच्यापुरती बंद." दिवसभर हेच सांगून एजंटचा आवाज बसला होता. "उत्पन्न रेषेच्या वर गेलंय तुमचं."

"किती वर?"

"थोडंसंच. पण आता थोडंसं आणि पुष्कळ असं काही राहिलं नाही. वर ते वर."

गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणत, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. तिच्या नवऱ्याला पेंटर म्हणत. तो पूर्वी दुकानांच्या पाट्या हातानं रंगवायचा. मग छपाईचं मशीन घेतलं, ब्रश पत्र्याच्या डब्यात गेले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दुकानात तो मशीन सांभाळायचा आणि गिऱ्हाइकांशी बोलायचा. मजकूर जुळवणं, फोटो साफ करणं, बॅनरच्या कडा दुमडून त्यात लोखंडी कड्या ठोकणं, हे सगळं वहिनीचं.

तिला सांधेवात होता. साधासुधा, म्हातारपणी सगळ्यांना होतो तसला नव्हे. ऐन चाळिशीत बोटांपासून सुरू झालेला. त्यावर एक औषध होतं. ठरावीक महिन्यांनी दवाखान्यात जाऊन खुर्चीत बसायचं आणि ते सलाईनमधून घ्यायचं. औषध मिळालं की बोटं बोटांसारखी वागत. ते इतकं महाग होतं की विम्याशिवाय कुणी त्याची किंमतसुद्धा विचारत नसे. आणि विम्याच्या हप्त्यातला मोठा भाग इतकी वर्षं सरकार भरत आलं होतं.

नव्या कायद्यानं मधे एक रेषा ओढली. घराचं उत्पन्न तिच्या खाली असेल तर मदत पूर्वीसारखी, वर असेल तर काहीच नाही. मागच्या वर्षी नगरपालिकेची निवडणूक झाली होती आणि बॅनर धडाधड गेले होते. पेंटर खुशीत होता तेव्हा. दुकानाला नवं शटर बसवलं होतं त्यानं.

वहिनीनं फोन ठेवला. बॅनर पूर्ण बाहेर आला होता. त्यावर लिहिलं होतं, ‘करदात्यांचा पैसा वाचवणाऱ्या साहेबांचे हार्दिक अभिनंदन’. मजकूर तिनंच जुळवला होता.

"काय म्हणतो एजंट?" पेंटरनं विचारलं.

"हप्ता दुकानाच्या भाड्यापेक्षा जास्त होणार."

"वर्षाचा?"

"महिन्याचा."

पेंटरनं बॅनर उचलून टेबलावर पसरला, आणि तिनं कड्या ठोकायला घेतल्या.

*

त्यानं आधी स्वतःचा विमा सोडला. "मला काय धाड भरलीये," म्हणाला. तेवढ्यानं भागलं नाही. मग लॅमिनेशनचं मशीन विकलं, त्यात थोडे दिवस निघाले. मग वहिनीनं एक वेळचं औषध पुढे ढकललं. डॉक्टरांना सांगितलं, गावाला जायचंय. गावाला कुणी नव्हतं.

तिच्या बोटांनी ते लगेच ओळखलं. सकाळी मूठ उघडेना. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरून प्यायची, थंडीत धरतात तसा. कड्या ठोकायचं काम पेंटर स्वतः करू लागला आणि वाकड्या ठोकू लागला. गिऱ्हाईक म्हणायचं, बॅनर एका बाजूनं लोंबतोय. तो म्हणायचा, वारा तसा आहे.

पुढचं औषध घ्यायला ती गेली तेव्हा शेजारच्या खुर्चीत एक बाई होती. बसमध्ये कंडक्टर होती, म्हणून नर्सपासून सगळे तिला कंडक्टरबाई म्हणत. सलाईन लागलेल्या हातानंच ती दाणे खात बसायची.

"तुमचं कसं काय जमतंय हो हप्त्याचं?" वहिनीनं विचारलं.

"माझं? माझं लग्न मोडलंय," कंडक्टरबाई म्हणाली.

"अरेरे."

"अरेरे काय! कागदावर. त्याचा पगार वेगळा, माझा वेगळा. दोन्ही रेषेच्या खाली. एकत्र असलो की वर जायचो." तिनं दाण्याचं साल फुंकलं. "त्या कोपऱ्यातल्या शिक्षिका आहेत ना, त्यांचंही तेच. आमची वकीलबाई एकच. फक्त पत्ता वेगळा लागतो. तपासायला येतात."

वहिनीनं घरी आल्यावर हे सांगितलं, तेव्हा पेंटर आधी हसला. मग म्हणाला, "वेडबिड लागलंय का लोकांना?" पुढच्या आठवड्यात एका सकाळी ती तेलाच्या बाटलीचं झाकण उघडत होती. बाटली मांडीत धरून, मनगटानं, मग दातांनी. तो दारात उभा राहून बघत होता. त्यानं पुढे होऊन बाटली घेतली, उघडली आणि ओट्यावर ठेवली.

"त्या वकीलबाईचा नंबर आहे का तुझ्याकडे?" त्यानं विचारलं.

*

वकीलबाईंची खोली एका बेकरीच्या माडीवर होती. फायलींनासुद्धा पावाचा वास येत होता.

"कारण काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"घोरतो म्हणून लिहा," पेंटर म्हणाला.

वकीलबाई हसल्या नाहीत. "घोरण्यावर कोर्टानं काडीमोड दिला असता तर माझा बंगला झाला असता. हे बघा, दोघांची संमती आहे, तेव्हा पटत नाही एवढं पुरतं. पण न्यायाधीशांनी विचारलंच, काय पटत नाही, तर दोन गोष्टी तरी सांगता आल्या पाहिजेत. खोटं वाटायला नको."

पेंटरनं डोकं खाजवलं. बराच विचार केला. "मला तर हिचं सगळंच पटतं," तो शेवटी म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला जरा अभिमानही वाटला.

"तुमचं?" वकीलबाईंनी वहिनीकडे बघितलं.

"माझं बोलणं पुरं होऊ देत नाहीत," वहिनी म्हणाली. "मी एक सांगायला लागते, हे दुसरंच ऐकतात. दुकान दोघांनी उभं केलं, पण व्यवहारात माझं नाव कुठेच नाही. मी दिवसभर काम करते आणि साबण आणायला यांच्याकडे पैसे मागते. लेक लांब शिकायला गेली तेव्हा हो म्हणायचं यांनी एकट्यानं ठरवलं, आणि मी रडले तर म्हणाले, काय झालं एवढं. मला हे काम आवडतं का, असं कुणी कधी विचारलं नाही."

सामानाची यादी सांगावी तशा सुरात ती बोलली. ठरवून आली नव्हती. एक निघालं, त्यामागून दुसरं निघालं.

वकीलबाईंचं पेन भराभर चाललं होतं. "छान," त्या म्हणाल्या. "अगदी खरं वाटतंय."

जिना उतरताना पेंटरनं तिच्या पाठीवर थाप मारली. "काय भारी सुचलं गं तुला! मी तर बघतच राहिलो."

"हं," वहिनी म्हणाली.

न्यायाधीशांनी काहीच विचारलं नाही. त्यांच्यापुढे त्या दिवशी अशी बरीच जोडपी होती, आणि बाहेरच्या बाकांवर ती एकमेकांना खेटून बसली होती. एक नवरा बायकोला पाण्याची बाटली उघडून देत होता. नाव पुकारलं की दोघं उठायची, आत जाताना जरा अंतर ठेवायची. कायद्यानं थांबायचे तेवढे महिने थांबून पेंटर आणि वहिनी पुन्हा आले, सह्या केल्या आणि बाहेर पडले. पेंटर म्हणाला, "भूक लागलीये." समोरच्या हॉटेलात दोघांनी आम्लेट-पाव खाल्ला. लेकीचा फोन आला.

"झालं का आई?"

"झालं."

"तुला कसं वाटतंय?"

वहिनीनं मनात शोधून बघितलं. "काही नाही गं," ती म्हणाली. "आम्लेटात मीठ जास्त आहे."

*

खोली एका लाँड्रीच्या मागे मिळाली. भिंतीपलीकडे दिवसभर इस्त्रीची वाफ सुस्कारे टाकायची आणि ती भिंत कायम कोमट असायची. सांध्यांना ते बरं होतं. पेंटरनं घरची एकेरी खाट आणली, कॉम्प्युटर आणून जोडून दिला, बल्ब बदलला. खोलीवर बसूनच ती मजकूर जुळवून पाठवू लागली. संध्याकाळी दुकान बंद करून तो यायचा, जेवायचा, भांडी घासायचा आणि झोपायला आपल्या घरी जायचा. सुरुवातीला दारात घुटमळायचा. "विचित्रच वाटतं," म्हणायचा. नंतर म्हणेनासा झाला.

विमा पुन्हा सवलतीत मिळाला. औषध वेळेवर सुरू झालं. मूठ उघडू लागली.

एका दुपारी तो डबा घेऊन आला होता, शर्ट काढून नुसत्या बनियनवर जेवला आणि तसाच खाटेवर आडवा झाला. तेवढ्यात दार वाजलं. दारात एक तरुण बाई, गळ्यात ओळखपत्र.

"विमा तपासणी. इथं एकट्याच राहता?"

"हो."

"हे कोण?"

वहिनीनं मागे वळून बघितलं. तो खाटेवर उठून बसला होता, केस विस्कटलेले.

"पेंटर," ती म्हणाली.

"पेंटर?"

"भिंत रंगवायला आलेत. जेवणाची सुट्टी झाली त्यांची."

गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. तपासणीवाल्या बाईनं भिंतीकडे बघितलं. भिंतीला खरोखरच पोपडे आले होते. "बरं, मला थोडे प्रश्न विचारायचेत," म्हणत ती खुर्चीत बसली.

आता करणार काय? लाँड्रीवाल्यानं कधीतरी आणून ठेवलेला चुन्याचा डबा आणि एक ब्रश कोपऱ्यात पडला होता. पेंटरनं ब्रश पाण्यात भिजवला, हातावर आपटून मऊ केला, पोपडे खरवडले आणि कामाला लागला. किती वर्षांनी ब्रश धरला असेल! पण हात बसलेला होता. वरून खाली, एका दमात, न थांबता. बाई विचारत होती, वहिनी उत्तरं देत होती. घटस्फोट कधी, का, मदत कोण करतं, संपर्क आहे का.

"त्यांच्याशी बोलणं होतं का तुमचं?"

"फारसं नाही," वहिनी म्हणाली. "पहिल्यापासूनच कमी."

ब्रश क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

बाई उठली तेव्हा एक अख्खी भिंत पांढरीशुभ्र झाली होती. "काम चांगलंय हो तुमचं," ती पेंटरला म्हणाली. "नंबर द्या ना. आमच्या घराचं करायचंय." त्यानं नंबर दिला. दार लागल्यावर तो खाली बसला आणि हसत सुटला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. वहिनीही हसली. मग तो हसायचा थांबला आणि म्हणाला, "पहिल्यापासूनच कमी?"

"ती विचारत होती, मी सांगत होते."

तो हात धुऊन निघून गेला. उरलेल्या तीन भिंती तशाच राहिल्या.

*

वर्षभरात गल्लीतली बरीच माणसं विम्याबाहेर पडली. कुणी गाजावाजा केला नाही. दवाखान्यातल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या. शिक्षिका दिसेनाशा झाल्या. त्यांना तपासणीत पकडलं म्हणे. मग सलाईनची खोली आठवड्यातून काही दिवसच उघडू लागली. नर्स म्हणाली, "औषध आहे, खुर्च्या आहेत, माणसं नाहीत. आता मलाही अर्ध्या पगारावर टाकलंय." शेजारचं औषधांचं दुकान बंद झालं. बंद होताना पाटी उतरवायचं काम पेंटरलाच मिळालं. त्याची जुनी, हातानं रंगवलेली पाटी होती ती.

मोठी निवडणूक आली. या खेपेला सवलत हाच एक विषय होता. विरोधकांच्या बॅनरवर ‘सवलत परत आणू’, साहेबांच्या बॅनरवर ‘खोट्या प्रचाराला भुलू नका’. दोन्ही वहिनीनं जुळवले, दोन्ही पेंटरनं छापले. मागच्या वेळी त्यानं साहेबांना मत दिलं होतं, कर कमी होईल म्हणून. कर खरंच कमी झाला होता. तेही तो कधीकधी सांगायचा.

प्रचार करत साहेब लाँड्रीच्या मागच्या बोळातही आले. मागे पाच-सहा माणसं. वहिनीनं दार उघडलं. त्यांच्या चेहऱ्याची तिला इतकी सवय होती की तो प्रत्यक्षात लहान वाटला. पत्रकावरच्या फोटोत डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिनंच पुसली होती. इथं ती होती.

"नमस्कार ताई. काय, सगळं ठीक? काही अडचण?"

तिनं तोंड उघडलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते कुठल्या टोकाकडून सुरू करावं ते सुचेना, आणि सुरू करण्याइतकी हौसही वाटेना.

"नाही," ती म्हणाली.

"औषधपाणी वगैरे?"

"चालू आहे."

"बघा!" साहेब मागच्या माणसांकडे वळले. "लोक उगाच बोंब मारतात." पत्रक तिच्या हातात देऊन ते पुढच्या दाराकडे गेले.

साहेब पडले. चांगले सपाटून पडले. दवाखान्याजवळच्या मतदान केंद्रावर तर त्यांना कुणी विचारलंच नाही. गल्लीत फटाके वाजले, आणि लाँड्रीवाल्यानं कधी नव्हे ते सगळ्यांना चहा पाजला. नव्या सरकारनं काही महिने घोळ घातला आणि अखेर सवलत परत आणली. पूर्वीएवढी नाही, पण रेषा पुसली. जरा वर गेलं की एकदम सगळं तुटायचं, तसं आता राहिलं नाही.

*

पेंटर आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. हातात पेढ्यांचा पुडा. त्यानं वकीलबाईंना विचारून सगळं ठरवलं होतं.

"सोमवारी परत लग्न नोंदवायला जायचं," तो म्हणाला. "साक्षीदार म्हणून लाँड्रीवाला येतो म्हणालाय. अर्ध्या तासाचं काम. मग हा पसारा उचलू. खाट आधी नेऊ की कॉम्प्युटर?"

वहिनीनं पुडा घेतला आणि टेबलावर ठेवला. "बघू," ती म्हणाली.

"बघू काय? सोमवारी वेळ दिलीये त्यांनी."

"पुढच्या निवडणुकीत परत बंद केली तर? परत कोर्ट, परत खोली, परत खाट?"

"तेव्हाचं तेव्हा." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. "एवढंच आहे ना? का दुसरं काही आहे?"

तिला त्याचा राग येत नव्हता. तो यायचा तेव्हा बरं वाटायचं आणि जायचा तेव्हाही बरंच वाटायचं. सोमवारचं नाव निघाल्यावर आत काहीतरी हलेल असं तिला वाटलं होतं. ते हललं नाही.

"वकीलबाईंकडे मी जे बोलले होते ना," ती म्हणाली, "ते सुचलेलं नव्हतं."

"कुठलं?"

"सगळंच."

पेंटर खाटेवर बसला. पलीकडे इस्त्रीनं सुस्कारा टाकला. पहिल्यांदाच तो तिचं बोलणं पुरं व्हायची वाट बघत होता, आणि तिच्याकडे फार काही उरलं नव्हतं.

"मला दुकानात पगारावर ठेवा," ती म्हणाली. "दर महिन्याला, माझ्या नावावर. विमा माझा मी काढते."

"बायकोला पगार?"

"बायको नाहीये ना मी."

ते तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि त्यालाही तो लागला नाही, किंवा लागला तरी त्यानं दाखवलं नाही. त्यानं पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडली, एक पेढा तिच्यापुढे धरला, तिनं घेतला.

"आणि मी यायचं की नाही संध्याकाळी?"

"या की. मी कुठं नाही म्हणतेय."

"आणि लग्नाचं?"

"अहो, बघू म्हटलं ना."

सोमवारी वकीलबाईंना त्यानं फोन करून नको म्हणून सांगितलं. लेक फोनवर रडली. दोघांनी वेगवेगळी तिची समजूत घातली आणि दोघांनी तेच सांगितलं, की भांडण झालेलं नाही. तिचा विश्वास बसला नाही.

मंगळवारी वहिनी दुकानात गेली. नव्या आमदारांच्या आभाराचे बॅनर छापायचे होते, ढीगभर. पेंटरनं पगाराचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. तिनं वाचला आणि म्हणाली, "कमी आहे." त्यानं चिठ्ठी परत घेतली, कानामागचं पेन काढलं, विचार करू लागला. तिनं मशीन चालू केलं.